पश्चात्कर्म

सुश्रुताचार्यांनीं शस्त्रवैद्याच्या कामाचे तीन भाग सांगितले आहेत: पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. शस्त्र हातीं घेण्यापूर्वींची तयारी हा पहिला भाग. प्रत्यक्ष छेदनभेदन हा दुसरा. आणि शस्त्र खालीं ठेविल्यावर रोगी पुन्हां आपल्या पायांवर उभा राहीपर्यंत त्याची जी काळजी वाहावयाची, तो तिसरा. शस्त्रवैद्यकाचा इतिहास मात्र बहुधा दुसऱ्या भागाचाच लिहिला जातो. कोणतें शस्त्रकर्म प्रथम कोणीं केलें, कोणत्या सालीं केलें, रोगी जगला कीं दगावला, एवढें नोंदलें म्हणजे इतिहासकाराची लेखणी थांबते. रोगी जगला तर पुढें कसा जगला, हा प्रश्न त्यास सहसा पडत नाहीं. स्त्रियांच्या विशिष्ट व्याधींवरील शस्त्रकर्मांच्या बाबतींत तर हें मौन फारच खोल आहे; कारण ज्या गोष्टीबद्दल घरांत बोलूं नये असा दंडक, तिच्याबद्दल ग्रंथांतहि कोणी बोललें नाहीं, हें ओघानेंच आलें.

प्रस्तुत लेखांत या उपेक्षित तिसऱ्या भागाचा, पुणें शहर मध्यबिंदु धरून, आम्ही थोडक्यांत मागोवा घेणार आहों. वैद्यकीय सल्ला देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं व तसा आमचा हेतुहि नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं आई, बहीण, पत्नी वा कन्या आहे, अशा प्रत्येकाला या इतिहासाशीं कर्तव्य आहे, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें.

आधुनिक स्त्रीरोग-शस्त्रक्रियेचा आरंभ सामान्यतः १८०९ सालापासून धरतात. त्या वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील केंटकी प्रांतांतल्या डॅनव्हिल या लहानशा गांवीं एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरानें जेन टॉड क्रॉफर्ड या बाईच्या पोटांतून अंडाशयाची साडेबावीस पौंड वजनाची गांठ काढली. भूल देण्याची विद्या तेव्हां जन्मास आलेली नव्हती. शस्त्रकर्म सुमारें पंचवीस मिनिटें चाललें, आणि तेवढा वेळ बाई स्तोत्रें म्हणत होती, असें सांगतात. पांचव्या दिवशीं डॉक्टर येऊन पाहतो तों बाई आपलें अंथरूण स्वतःच आवरीत होती! पंचवीस दिवसांनीं ती घरीं परतली व पुढें १८४२ पर्यंत जगली. हें अंथरूण आवरणें शस्त्रविद्येचा विजय म्हणून सांगितलें जातें. आमच्या मनांत मात्र दुसराच विचार येतो. आपल्या घरांतील तरी कोणती बाई पांचव्या दिवशीं अंथरूण आवरीत नाहीं? बरें वाटलें म्हणून ती उठते, कीं उठल्यावांचून चालत नाहीं म्हणून उठते, हा भेद पाहणाराच्या ध्यानांत येत नाहीं; आणि ज्याच्या ध्यानांत येत नाहीं तो ‘पहा, कशी बरी झाली!’ असें म्हणून निघून जातो.

या विद्येचा पुढचा टप्पा अधिक क्लेशदायक आहे. प्रसूति फार वेळ अडून राहिली असतां मूत्राशय व योनिमार्ग यांमधील पडद्यास छिद्र पडतें व मूत्र अखंड झिरपूं लागतें. या व्याधीवर उपाय शोधण्यासाठीं अलाबामा प्रांतांतील मंटगोमरी येथें जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टरानें १८४५ ते १८४९ या काळांत कृष्णवर्णीय गुलाम स्त्रियांवर वारंवार शस्त्रप्रयोग केले. त्यांपैकीं अनार्का, बेट्सी व लूसी या तिघींचीं नांवें त्यानें स्वतःच लिहून ठेविलीं आहेत. एकट्या अनार्काच्या अंगावर सुमारें तीस वेळां शस्त्र चाललें, आणि तेंहि भूल न देतां. शेवटीं रुप्याच्या तारेचा टांका लागू पडला व सिम्सची कीर्ति दोन्ही खंडांत पसरली. परंतु आम्हांस येथें सांगावयाचें तें निराळेंच. सिम्सचे डॉक्टर सहकारी हळूहळू त्यास सोडून गेले, तेव्हां या स्त्रियाच शस्त्रकर्माच्या वेळीं एकमेकींस धरून ठेवूं लागल्या व एकमेकींची शुश्रूषा करूं लागल्या. प्रधानकर्म सिम्सचें, पश्चात्कर्म मात्र ज्यांच्या शरीरावर प्रयोग झाले त्यांचेंच. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळून २०१८ च्या एप्रिलांत हलविण्यांत आला; ही जाग यावयास पावणेदोनशें वर्षें लागलीं.

याच शतकाच्या उत्तरार्धांत आणखी एक विपरीत गोष्ट घडली. १८७२ सालीं जॉर्जिया प्रांतांतील रॉबर्ट बॅटी या डॉक्टरानें, पाळीच्या वेदना व मनाची अस्वस्थता यांवर उपाय म्हणून, निरोगी अंडाशय काढून टाकण्याची चाल सुरू केली, आणि ती अमेरिकेंत व युरोपांत झपाट्यानें फैलावली. अंडाशय हा शरीरांत काय करतो, हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें. १८९६ सालीं व्हिएन्ना येथील एमिल क्नाउअर यानें सशांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, काढलेला अंडाशय शरीरांत दुसऱ्या ठिकाणीं रुजविला तरी गर्भाशय सुकत नाहीं. अर्थात् अंडाशयांतून रक्तांत कांहीं द्रव्य मिसळत असलें पाहिजे. तें द्रव्य वेगळें काढण्याचा मार्ग एडगर ॲलन व एडवर्ड डॉयझी यांस १९२३ सालीं सांपडला. म्हणजे अवयव काढण्याची विद्या आधीं आली, आणि तो कशासाठीं होता याचें ज्ञान मागाहून आलें. मधल्या काळांत ज्या स्त्रियांस ऐन तारुण्यांत अंगाची लाही, निद्रानाश व उदासीनता सोसावी लागली, त्यांस ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असेंच उत्तर मिळालें असेल, तर त्यांत नवल नाहीं. तें उत्तर आजहि पुष्कळ ठिकाणीं मिळतें.

आतां आपण पुण्याकडे वळूं. डेव्हिड ससून यांच्या देणगींतून उभें राहिलेलें ससून रुग्णालय १८६७ सालीं सुरू झालें. जोसेफ लिस्टर याचे जंतुनाशक शस्त्रक्रियेविषयींचे सुप्रसिद्ध लेखहि याच वर्षीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध झाले, हा योग मोठा सूचक आहे. तोंवर शस्त्रानें वांचलेला रोगी जखम चिघळून जात असे. यापुढें तो वांचूं लागला. परंतु आपल्या समाजांतील कुलीन स्त्री पुरुष डॉक्टरापुढें जाण्यास तयार नव्हती. ही अडचण ओळखूनच आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या. वयाच्या चौदाव्या वर्षीं झालेलें त्यांचें मूल अवघ्या दहा दिवसांत गेलें होतें. बाळंतपणाची व त्यानंतरची हेळसांड म्हणजे काय, हें त्यांनीं पुस्तकांतून शिकण्याआधीं देहानें शिकलें होतें. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांस १८८६ च्या मार्चांत मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषयहि आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. परंतु क्षयानें पोखरलेल्या देहानें त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांतच त्यांचें देहावसान झालें. वयाचीं बावीस वर्षेंहि तेव्हां पुरीं झालेलीं नव्हतीं.

डॉक्टरीण मिळाली तरी शुश्रूषा कोण करणार, हा प्रश्न उरतोच. पुण्यापुरतें त्याचें उत्तर सेवासदनानें दिलें. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं १९०९ सालीं पुण्यांत ही संस्था उभी केली, आणि तिच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचारिकेचें व सुइणीचें शिक्षण घेऊं लागल्या. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, पोट भरण्यास दुसरें साधन नसलेल्या होत्या. परक्याचें मलमूत्र काढणें, परपुरुषाच्या अंगास हात लावणें, या गोष्टी त्या काळच्या पांढरपेशा पुण्यास अब्रह्मण्यम् वाटत. तो रोष पत्करून या स्त्रियांनीं पश्चात्कर्मास एका प्रतिष्ठित विद्येचें रूप दिलें. शस्त्रवैद्यांच्या तसबिरी रुग्णालयांतून लागतात. या परिचारिकांच्या तसबिरी आमच्या पाहण्यांत कोठेंहि नाहींत.

येथें वाचकांनीं आपल्या घरांतील एका गोष्टीकडे क्षणभर लक्ष द्यावें. बाळंतिणीची काळजी कशी घ्यावी, हें आपल्या समाजास उत्तम ठाऊक आहे. तिला माहेरीं आणावें. काळोख्या, उबदार खोलींत निजवावें. शेकशेगडी करावी, पोट बांधावें. अळिवाची खीर व डिंकाचे लाडू द्यावे. आणि सव्वा महिना तिला कामास हात लावूं देऊं नये, हा शिरस्ता अशिक्षित आजीसहि तोंडपाठ असतो. त्यांतील धूर, अंधार व कोंदट हवा आपण सोडून दिली तें बरेंच झालें; परंतु ‘या बाईस विश्रांतीचा हक्क आहे’ असें सांगणारी ती सामाजिक आज्ञा फार मोलाची होती. आतां गर्भाशय काढलेल्या बाईकडे पहा. तिच्या पोटावरील जखम लहान नसते, तिचें रक्त थोडें गेलेलें नसतें. पण तिच्यासाठीं कोणता लाडू आहे? तिचा सव्वा महिना कोण मोजतो? तिला कोण माहेरीं नेतो? बाळंतिणीच्या मांडीवर मूल असतें, म्हणून घर तिच्याभोंवतीं गोळा होतें. हिच्या हातीं दाखविण्यासारखें कांहींच नसतें. उलट कांहींतरी गेलेलें असतें, आणि तें काय गेलें याचा उच्चारहि ती मोकळेपणीं करूं शकत नाहीं. ‘पिशवी काढली’ एवढ्या दोन शब्दांत सर्व आटोपतें. जणूं भाजी आणावयाची पिशवीच!

वास्तविक या बाईच्या देहांत पुढें काय घडतें, हें आज शास्त्रास पुष्कळसें कळलेलें आहे. पहिले सहा आठवडे आंतील टांके भरून येण्याचे असतात. या काळांत जड वजन उचलूं नये, असें सर्वच डॉक्टर सांगतात. पाण्याची भरलेली कळशी, गव्हाचा डबा, कडेवरचें नातवंड, हीं सर्व ‘जड वजन’ या सदरांत मोडतात, हें मात्र घरांत कोणी समजावून सांगत नाहीं. ताप, दुर्गंधी स्राव, एकाएकीं वाढलेला रक्तस्राव, लघवीस अडथळा, पोटरी सुजून दुखणें, हीं धोक्याचीं चिन्हें होत. तीं दिसतांच दवाखाना गाठावा, घरगुती काढ्यावर दिवस काढूं नयेत. अंडाशय जागेवर ठेविले असले तरीहि ऋतुनिवृत्ति नेहमींपेक्षां कांहीं वर्षें आधीं येण्याचा संभव असतो. आणि गर्भाशयाबरोबर अंडाशयहि काढले, तर ती निवृत्ति एका दिवसांत येते. निसर्ग जें काम अनेक वर्षांत हळूहळू उरकतो, तें शस्त्र एका तासांत उरकतें. मग कानशिलें तापतात, रात्रीं घाम फुटून झोंप उडते, योनिमार्ग कोरडा होऊन सहवास दुःखद होतो, चित्त ठिकाणावर राहत नाहीं. आणि डोळ्यांस न दिसणारी गोष्ट अशी कीं, हाडें ठिसूळ होऊं लागतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. बाई जितकी लहान, तितका हा तोटा मोठा.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम अमेरिकेंतील अर्नोल्ड केगेल या डॉक्टरानें १९४८ सालीं प्रसिद्ध केले. लघवीवरील ताबा सुटण्यावर ते आजहि गुणकारी ठरतात, आणि त्यांस दमडीचाहि खर्च येत नाहीं. कॅल्शियमयुक्त आहार, ऊन व चालणें हीं हाडांस हितकर. अंडाशयांचा गेलेला स्राव औषधरूपानें देण्याची सोयहि आहे. या औषधाविषयीं २००२ सालीं एक मोठी घबराट उडाली. अमेरिकेंतील एका विस्तृत पाहणीचा एक भाग त्या वर्षीं मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला; स्तनाचा कर्करोग व हृदयविकार यांचा धोका वाढतो, असें त्यांत दिसलें होतें. परंतु त्या पाहणींतील स्त्रियांचें सरासरी वय ६३ च्या आसपास होतें. पस्तिशींत अंडाशय गमावलेल्या स्त्रीस तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणें योग्य नव्हे. अशा स्त्रीस, दुसरी आडकाठी नसेल तर, नैसर्गिक निवृत्तीच्या वयापर्यंत हें औषध द्यावें, असेंच आतां तज्ज्ञांचें मत आहे. तें तिला द्यावें कीं नाहीं हें तिच्या डॉक्टरानें ठरवावें; पण हा प्रश्न विचारतां येतो, हेंच मुळीं तिला कोणी सांगितलेलें नसतें.

न सांगण्याचे परिणाम काय होतात, याचा एक मोठा धडा आपल्या देशानें १९६५ नंतर घेतला. घेतला म्हणण्यापेक्षां त्याच्यापुढें आला, असें म्हणणें बरें. त्या वर्षीं सरकारनें कुटुंबनियोजनासाठीं जॅक लिप्स या अमेरिकन डॉक्टराचा ‘लूप’ मोठ्या प्रमाणावर बसविण्यास प्रारंभ केला. पहिल्या वर्षीं, म्हणजे १९६५-६६ सालीं, आठ लाखांवर स्त्रियांस तो बसविला. पुढील वर्षीं ही संख्या नऊ लाखांवर गेली. आंकडे पाहून अधिकारी हर्षभरित झाले. परंतु लूपमुळें कांहीं स्त्रियांस अधिक रक्तस्राव होतो, कंबर दुखते, हें त्यांस आधीं सांगितलेलें नव्हतें, आणि तक्रार घेऊन आलेल्या बाईस तपासावयास बहुतेक ठिकाणीं स्त्री डॉक्टर नव्हती. ज्या केंद्रांत बसविण्याची तत्परता होती, तेथें काढण्याची नव्हती. मग बायकांनीं आपल्या परीनें निकाल दिला: १९६८-६९ पर्यंत ही संख्या पांच लाखांच्याहि खालीं घसरली. त्यांस कोणी अडाणी म्हणालें, कोणी अफवांस बळी पडलेल्या म्हणालें. आमच्या मतें दोष त्यांचा नव्हता. दहा जणींपैकीं दोघींस त्रास होईल असें आधीं सांगून त्या दोघींची वास्तपुस्त केली असती, तर उरलेल्या आठ जणींचा विश्वास टिकला असता. दोघींचा त्रास झांकल्यानें दहाहि जणी गेल्या.

ही वास्तपुस्त कशी करावी, हें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. बानू कोयाजी यांनीं दाखविलें. १९१२ सालीं स्थापन झालेल्या या रुग्णालयांत त्या १९४४ सालीं रुजू झाल्या व पुढील अर्धशतकभर तेथेंच राहिल्या. शहरांतील खाटेवर येणारी बाई फार उशिरां येते, हें पाहून त्यांनीं पुणें जिल्ह्यांतील वढू येथें ग्रामीण आरोग्याचें काम उभें केलें व गांवांतल्याच स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केलें. १९९३ सालीं त्यांस रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाचें मर्म आमच्या मतें एवढेंच कीं, उपचारानंतर आठव्या दिवशीं बाईच्या दारांत जाऊन ‘कसें काय वाटतें?’ असें तिच्याच बोलींत विचारणारी कोणीतरी असावी लागते.

कारण विचारल्याशिवाय आपली स्त्री सांगत नाहीं. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारींत ‘लॅन्सेट’मध्यें छापले गेले आणि जग थक्क झालें. ९२ टक्के स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग होता. आणि पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा आठसुद्धां नव्हत्या. ‘दुखणें अंगावर काढणें’ हा आपल्या भाषेंतील वाक्प्रचार सहज बोलला जातो. त्याच्यामागें केवढी यातना आहे, हें या दोन आंकड्यांनीं दाखविलें. मात्र दुखणें अंगावर काढणाऱ्या बाईस दुसऱ्या टोकाचाहि धोका असतो. वर्षानुवर्षें साध्या उपचारास मुकलेली बाई शेवटीं जेव्हां डॉक्टराच्या दारीं जाते, तेव्हां तिला औषध न देतां एकदम शस्त्रच दाखविलें जातें.

पुण्यास या दुसऱ्या टोकाचें दर्शन १९९४ च्या फेब्रुवारींत झालें. शिरूर येथील शासकीय वसतिगृहांत राहणाऱ्या मतिमंद मुलींचीं व स्त्रियांचीं गर्भाशयें ससून रुग्णालयांत काढण्यास सुरुवात झाली. पाळीच्या वेळीं त्यांस स्वच्छता राखतां येत नाहीं, हें कारण सांगण्यांत आलें. अकरा जणींवर शस्त्रक्रिया झाल्यावर स्त्रीसंघटना व अपंगांसाठीं काम करणाऱ्या संस्था यांनीं आवाज उठविला आणि मुख्यमंत्र्यांनीं पुढील शस्त्रक्रिया थांबविल्या. या प्रकरणीं दोन्ही बाजूंनीं पुष्कळ लिहिलें गेलें. सांभाळ करणाऱ्यांची अडचण खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. मनुष्यबळ, पाणी व प्रशिक्षण यांचा तुटवडा असलेल्या घरांत तीस-चाळीस असहाय मुलींची निगा राखणें ही सोपी गोष्ट नव्हे. पण जी उणीव घरांत होती, तिची भरपाई मुलींच्या देहांतून कां करावयाची, या प्रश्नास समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. आणि ज्या मुलीस ‘दुखतें’ एवढेंहि नीट सांगतां येत नाहीं, तिचें पश्चात्कर्म कोण करणार, हा प्रश्न तर फारसा कोणीं विचारलाच नाहीं.

यानंतर पंचवीस वर्षांनीं बीड जिल्ह्याची वार्ता आली. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास त्या जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल ही जोडी हंगामभर फेडीत असते. आणि कामास खाडा पडला तर दंड बसतो. कोपींत ना न्हाणी ना संडास. पाळीचे चार दिवस तेथें कसे निघत असतील, याची कल्पना आपल्या घरांतील स्त्रियांनीं करून पहावी. २०१९ सालीं विधिमंडळांत सरकारनेंच सांगितलें कीं, बीड जिल्ह्यांतील खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयें काढण्यांत आलीं. चौकशीसाठीं पुण्याच्याच डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तींत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे सहांपैकीं एकीचें! देशभरच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हें प्रमाण शेंकडा तीनच्या आसपास होतें. अंगावरून पांढरें जातें, ओटीपोट दुखतें, अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईस कर्करोगाची भीति घातली गेली, असें पुष्कळींनीं सांगितलें. कोणी असेंहि म्हणाल्या कीं, महिन्याची कटकट गेली, खाडा वांचला.

पण खाडा वांचला काय? शस्त्रक्रियेसाठीं मुकादमाकडून आणखी उचल घ्यावी लागली. ती फेडण्यासाठीं टांके ओले असतांनाच पुन्हां फडांत उतरावें लागलें. सहा आठवडे कळशी उचलूं नये असें जिला सांगावयाचें, तिनें उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढावयाचें! मग कंबर धरते, सांधे दुखतात, झोंप येत नाहीं, आणि तिशी-पस्तिशींतच म्हातारपण येतें. ज्या शस्त्रानें कामाचे दिवस वाढावयाचे, त्यानेंच कामाचीं वर्षें कमी केलीं. हें दुःख दूर मराठवाड्याचें आहे, असें पुणेकरांनीं मानूं नये. साखरेच्या धंद्याचें सरकारी ठाणें, साखर आयुक्तालय, आपल्याच शहरांत आहे. त्या स्त्रियांनीं तोडलेला ऊस आपल्याच जिल्ह्यांतील कारखान्यांत गाळला जातो. आणि सकाळच्या चहांत ती साखर आपणच घालतों.

कायद्यानें या बाबतींत कांहीं पावलें टाकलीं आहेत. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें दिल्लीतील एका चव्वेचाळीस वर्षांच्या स्त्रीचें प्रकरण आलें. केवळ तपासणीसाठीं भूल दिलेली असतांना, बाहेर बसलेल्या आईची संमति घेऊन, तिचें गर्भाशय व अंडाशय काढण्यांत आले होते. प्राण वांचविण्याची निकड नसतां, सज्ञान स्त्रीच्या ऐवजीं दुसऱ्या कोणाची संमति चालणार नाहीं, असा निर्णय न्यायालयानें दिला. बीडमध्यें २०१९ नंतर खाजगी रुग्णालयांस गर्भाशय काढण्यापूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणें आवश्यक झालें. ५ एप्रिल २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांस आळा घालणारीं केंद्र सरकारचीं मार्गदर्शक तत्त्वें सर्व राज्यांनीं तीन महिन्यांत अंमलांत आणावीं, असा आदेश दिला. हे निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु ते सर्व पूर्वकर्माचे नियम होत. शस्त्र चालण्यापूर्वींची वाट त्यांनीं अरुंद केली. चालून गेल्यावरची वाट मात्र पूर्वींइतकीच निर्जन आहे.

आमच्या या लिहिण्याचा कोणीं विपर्यास करूं नये. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया मुळांतच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. कर्करोगांत, अनावर रक्तस्रावांत, मोठ्या गांठींत ती असंख्य स्त्रियांचे प्राण वांचविते, आणि कित्येकींस वर्षानुवर्षांच्या यातनेंतून सोडविते. ती करणाऱ्या कुशल हातांविषयीं आम्हांस आदरच आहे. कांहीं डॉक्टर असेंहि म्हणतात कीं, आम्ही पुन्हां बोलावितों पण बायका येतच नाहींत. त्यांतहि तथ्य आहे. पण त्या कां येत नाहींत? गाडीभाडें, बुडालेली मजुरी, घरांतील कामाचा गाडा, आणि ‘आतां काय झालें? पिशवी तर काढली ना?’ हा घरच्यांचा प्रश्न, यांतून वाट काढून ती येणार कशी? न येणें हा तिचा आळस नव्हे. पांचव्या दिवशीं अंथरूण आवरण्याची जी शिकवण तिला लहानपणापासून मिळाली, तिचेंच तें फळ होय.

म्हणून शेवटीं हा विषय रुग्णालयाच्या दारांतून आपल्या उंबरठ्याच्या आंत येतो. शस्त्रक्रिया ठरण्यापूर्वीं दुसऱ्या डॉक्टराचें मत घ्यावें, अंडाशय ठेवणार कीं काढणार हें स्पष्ट विचारावें, पुढें काय त्रास होऊं शकतो तें लिहून घ्यावें. इतकें सुशिक्षित कुटुंबास सहज करतां येईल. परंतु त्याहून अवघड व अधिक आवश्यक गोष्ट पुढची आहे. दवाखान्यांतून आणलेल्या बाईस बाळंतिणीचा मान द्यावा. तिचा सव्वा महिना घरानें मोजावा. कळशी मुलानें उचलावी, पोळ्या नवऱ्यानें कराव्या. आणि चार-सहा महिन्यांनीं तिची झोंप उडाली, चिडचिड वाढली, तर ‘हल्ली हिला झालें आहे तरी काय?’ असें न म्हणतां, तिला घेऊन पुन्हां डॉक्टराकडे जावें. घरीं धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिलाहि सहा आठवड्यांची भरपगारी रजा द्यावी; पश्चात्कर्माचा नियम मालकिणीस एक व मोलकरणीस दुसरा, असा शास्त्रांत कोठेंहि सांगितलेला नाहीं.

या साऱ्या इतिहासांत प्रधानकर्म करणारांचीं नांवें आम्हांस सांपडलीं. पश्चात्कर्म करणाऱ्या बहुतेक निनांवी आहेत: मंटगोमरीच्या त्या गुलाम स्त्रिया, सेवासदनाच्या विधवा परिचारिका, वढूच्या आरोग्यसेविका, आणि घरोघरच्या थोरल्या बहिणी व जावा. त्यांच्या यादींत आतां पुरुषांचीं नांवें पडावीं, एवढीच आमची अपेक्षा आहे.